नवतप्यात गिटारची तार खडखडते : फ्रेटला कानस लावण्याआधी काय तपासायचं

एप्रिल संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, डिसेंबरात मस्त वाजत होती, आता तिसऱ्या फ्रेटपासूनच खडखडते. फ्रेट घासून द्याल का?" नवतपा (मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत घरामागच्या माझ्या छोट्या खोलीत तीन-चार इलेक्ट्रिक गिटारी भिंतीला टेकून उभ्या असतात. काही मी स्वतः बनवलेल्या, काही दुकानातून घेतलेल्या. तक्रार सगळ्यांची एकच.

गेली कित्येक वर्षं मी हाच बिघाड दुरुस्त करतोय, आणि सुरुवातीला स्वतःच्याच गिटारींवर करत होतो. म्हणून आधीच सांगतो : मे महिन्यात फ्रेटला, म्हणजे गिटारच्या नेकवर (दांड्यावर) आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना, कानस लावू नका. खाली दिलेल्या क्रमाने तपासत गेलात तर बहुतेक वेळा कानस हातात घ्यायची गरजच पडत नाही.

लक्षणं

"खडखडते" असं सगळेच म्हणतात, पण नेमकी कुठे खडखडते यावर पुढचं सगळं ठरतं. एका कागदावर लिहून काढा. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकसारख्या जोराने छेडून. दहा मिनिटांचं काम आहे.

मोकळी तार खडखडते आणि पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की स्वच्छ वाजते : संशय नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीवर.

पहिल्यापासून पाचव्या-सहाव्या फ्रेटपर्यंत जवळजवळ सगळ्या तारा खडखडतात, वर गेलं की आवाज सुधारतो : नेक फार सरळ झालाय किंवा मागे झुकलाय. नागपुरी उन्हाळ्याची ही अगदी ओळखीची खूण.

बाराव्याच्या पुढेच खडखड : सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधले, तारा टेकतात ते तुकडे) खाली आहेत, किंवा नेकचं बॉडीकडचं टोक वर उचललंय.

एकाच ठिकाणी, एक-दोन तारांवर : एखादा फ्रेट सुटून वर आलाय. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. सातव्यावर बोट असताना खडखडत असेल तर दोषी सातवा नसतो, त्याच्या पुढचा आठवा किंवा नववा असतो. तार बोटाच्या पुढच्या फ्रेटलाच आपटणार.

नेकच्या कडेवरून तळहात फिरवला की फ्रेटची टोकं बोचतात : फ्रेटबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसलाय. धातू आकसत नाही, म्हणून तो बाहेर डोकावतो.

आणि एक लक्षण, जे कोणी मेमध्ये सांगत नाही कारण ते ऑगस्टमधलं असतं : "तारा उंच वाटत होत्या, बोटं दुखत होती, म्हणून सॅडल थोडे खाली केले." खडखडीचं मूळ बरेचदा इथेच असतं. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, नेक तारांच्या ओढीने पुढे झुकतो, तारा उंच होतात. माणूस सॅडल खाली करतो आणि वाजवत राहतो. मग हिवाळा जातो, उन्हाळा येतो, लाकूड वाळतं, नेक सरळ होतो. सॅडल मात्र ऑगस्टमधल्याच जागी. तार फ्रेटला टेकणार नाही तर काय करणार? दोन ऋतूंचा हिशोब मेमध्ये एकदम अंगावर येतो आणि दोष फ्रेटवर जातो.

सगळ्यात आधी, फुकटातलं : कान

गिटार ॲम्पला लावा आणि ऐका. ॲम्पशिवाय येणारी हलकी चरचर ॲम्पमधून येतच नसेल तर ती सोडून द्या. तारा खाली ठेवून वाजवणाऱ्यांच्या गिटारीत थोडी चरचर असतेच, पिकअप (तारांचा नाद ॲम्पकडे पोचवणारा भाग) तिची फारशी दखल घेत नाही. तिच्यामागे लागून चांगले फ्रेट खराब करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग फ्रेट सोडून बाकी सगळं हलवून बघा. ट्यूनरच्या (सूर लावायच्या खुंटीच्या) बाहेरची षट्कोनी रिंग, सॅडलचे बारीक स्क्रू, सॅडलमागची स्प्रिंग, पिकगार्ड, पट्ट्याचं बटण. एका हाताने तार छेडत राहा, दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक भाग दाबत जा. दाबला की आवाज थांबला, तर चोर सापडला. गेल्या वर्षी एकाने दोन दुकानं फिरून गिटार माझ्याकडे आणली होती. तिसऱ्या ट्यूनरची षट्कोनी रिंग सैल होती, एवढंच. पान्याने अर्धा आटा आवळला आणि काम झालं.

तारा

तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर आधी बदला, नंतरच पुढचं मोजा. नागपुरात घामाने तारा लवकर मरतात. फ्रेटच्या जागी त्यांना खाचा पडतात आणि त्या सरळ डोलत नाहीत.

तारांची जाडी बदलली होती का, हेही आठवा. साडेपंचवीस इंची स्केलच्या गिटारवर १०-४६ च्या (सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या की नेकवर सुमारे ४७ किलोची ओढ बसते. ९-४२ लावल्या तर ती ३८ किलोच्या आसपास येते. म्हणजे नऊ किलो ओढ एकदम कमी झाली, तर नेक मागे जाणारच. "बोटांना सोप्या जाव्यात म्हणून पातळ तारा लावल्या" आणि "खडखडायला लागली" या दोन गोष्टी एकाच आठवड्यातल्या असतील तर कारण मिळालं.

हवा

हे सगळ्यात स्वस्त मोजमाप आणि सगळ्यात दुर्लक्षित. बाजारात तीन-चारशे रुपयांत आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर मिळतो. तो खरं सांगतो की नाही हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी दाखवतो असं त्याच्या पाठीवर लिहून टाका.

आता आपल्या घरांची गंमत बघा. मेच्या दुपारी माझ्या कामाच्या खोलीत मीटर १८-२० दाखवतो. मधल्या खोलीत कूलर सुरू असतो, तिथे ६५. दोन खोल्यांमध्ये फक्त एक दार. गिटार रात्री कूलरसमोर स्टँडवर, सकाळी कूलर बंद, दुपारी मुलगा ती गच्चीवरच्या खोलीत नेऊन वाजवतो. लाकडाच्या दृष्टीने ती रोज श्रावणातून वैशाखात जाते.

हे महत्त्वाचं का? २० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकूड कालांतराने साधारण साडेचार टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं, ८० टक्क्यांच्या हवेत सोळाच्या आसपास. ओलावा आला-गेला की लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागवान कमी हलतं, मेपल त्याच्या दीडपट ते दुप्पट. नेक एका लाकडाचा, फ्रेटबोर्ड दुसऱ्याचा, मागची बाजू पॉलिशने बंद, पुढची उघडी. दोन्ही बाजू सारख्या वेगाने वाळत नाहीत आणि नेकला बाक येतो. तो कुठल्या बाजूला येईल हे त्या त्या लाकडावर, त्याच्या रेषांवर आणि फिनिशवर ठरतं. माझ्याकडे येणारे बहुतेक नेक उन्हाळ्यात मागे जातात, पण उलट वागणारेही पाहिले आहेत. म्हणून पुढे मोजल्याशिवाय काही करायचं नाही.

उपाय साधा. गिटार केसमध्ये ठेवा. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घाला आणि ती डबी केसमध्ये हेडस्टॉकजवळ (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाजवळ) ठेवा, लाकडाला पाणी लागता कामा नये. केसमध्ये मीटर ४५ ते ५५ च्या मध्ये राहिला पाहिजे. दोन-तीन दिवस, जमल्यास आठवडाभर. फ्रेटची बोचणारी टोकंही याने बरीचशी आत जातात. ती मेमध्ये घासून टाकलीत तर पावसाळ्यात फ्रेटबोर्ड फुगेल आणि फ्रेट आखूड पडतील, कडेची तार घसरून खाली जाईल.

उन्हात बंद गाडीत राहिलेल्या गिटारीची गोष्ट वेगळी. ४५ अंशांच्या दुपारी गाडीच्या आत ६५ अंश सहज होतात, आणि लाकूडकामाचा साधा गोंद त्या उष्णतेत मऊ पडतो. तारांची ओढ सुरूच असते. असा नेक पुढे झुकतो आणि थंड झाला तरी तसाच राहतो.

नेकचा बाक मोजणं

आता खर्च : फिलर गेज. स्कूटरच्या मिस्त्रीकडे टॅपेट लावायला असतो तोच, इतवारीत हार्डवेअरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो.

तारा नेहमीच्या सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबून धरा. ताणलेली तार म्हणजे आता तुमची सरळ पट्टी. आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेखाली किती फट आहे ती गेजने बघा. पान तार न हलवता आत गेलं पाहिजे. ०.२ ते ०.३ मिमी फट असेल तर नेक ठीक आहे. ०.०५ चं पानही जात नसेल तर नेक सरळ किंवा मागे गेलाय. अर्धा मिमी असेल तर फार पुढे.

थोडा बाक लागतो कशाला? तार छेडली की मध्ये सर्वात जास्त फुगते, टोकांना कमी. नेकमध्ये तेवढीच हलकी खोली असेल तर तारेला डोलायला जागा मिळते.

एक नेक मला कायम आठवतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊला खोलीत बसून मोजला, ०.०५ चं पान अडकलं. तीन दिवस केसमध्ये स्पंजसोबत ठेवला, चौथ्या दिवशी ०.१५ चं पान हलकेच सरकलं. नेकमधल्या ट्रस रॉडच्या चावीला (ती पुढे येतेच) हातही लावला नव्हता. त्या मुलाने गिटार वाजवून बघितली आणि विचारलं, "काय केलं तुम्ही?"

ट्रस रॉड

स्टीलच्या तारांची ओढ सांभाळायला नेकच्या पोटात बसवलेली ही लोखंडी सळई. गिब्सन कंपनीला तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. लिओ फेंडर यांनी १९५० साली काढलेल्या पहिल्या एस्क्वायर गिटारींत ती नव्हती, नेक वाकू लागले आणि सळई घालावी लागली. कडक मेपलचा हा अनुभव असेल तर घरी बनवलेल्या सागवानी नेकला रॉड लागतोच. त्यावर वाद घालू नका.

चावीचा आकार आधी नीट बघा. रॉडच्या टोकाच्या १/८ इंचाच्या नटमध्ये ३ मिमीची चावी सैल बसते आणि फिरते. दोन-तीनदा असं झालं की नटची कोनं गोल होतात, आणि मग हे काम तुमच्या हातातलं राहत नाही. इंचाचा आणि मिलिमीटरचा असे दोन्ही संच ठेवा. चावी पूर्ण खोल गेली पाहिजे.

चावी ज्या टोकाला लागते त्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवली की रॉड आवळतो आणि नेक मागे जातो. उलट फिरवली की सैल होतो आणि तारा नेकला पुढे ओढतात. मेमधल्या मागे गेलेल्या नेकला सैल करायचं असतं. एका वेळी आठवा हिस्सा, फार तर पाव आटा. पुन्हा सूर लावा, मोजा, रात्रभर थांबा, पुन्हा मोजा. आवळायचं असेल तर आधी तारा ढिल्या करा.

एकाच दिशेला काम करणारा रॉड पूर्ण सैल होऊनही नेक मागेच असेल तर चावी फिरवण्यात अर्थ नाही. एक माप जाड तारा लावून बघा. तेवढ्यानेही आला नाही तर शेवटचा भाग वाचा.

सॅडल

नेक जागेवर आल्यावरच इकडे या. बाराव्या फ्रेटवर स्टीलच्या पट्टीने मोजा : जाड ई तारेखाली २ मिमी, पातळ ईखाली दीड. जोरात वाजवणाऱ्याला थोडं जास्त लागतं. ऑगस्टमध्ये खाली केलेले सॅडल इथे उघडे पडतात. वर घ्या, आणि सूर पुन्हा जुळवायला विसरू नका.

नट, आणि तंबोऱ्याची आठवण

मोकळी तार खडखडत असेल तर ती दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर बघा. तिथे केसभर फट दिसली पाहिजे. बोटाने हलकं टोकलं की बारीक 'टिक' येतो. फट नसेल तर नटची खाच खोल गेलीय.

कधी खडखड नसते, झणझण असते. सतारीसारखी. याचं कारण आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपं आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार एका बिंदूवर टेकत नाही, किंचित गोलाई दिलेल्या पृष्ठभागाला घासत जाते. खाली दोरा सरकवून कारागीर ती जागा शोधतो, आणि तोच जवारीचा नाद. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती विद्या आहे. गिटारच्या नटमध्ये मात्र तोच प्रकार चुकून झालेला असतो. खाच फ्रेटबोर्डच्या कडेला सगळ्यात उंच हवी आणि हेडस्टॉककडे उतरती हवी, म्हणजे तार एकाच कडेवर टेकते. खाच सपाट किंवा उलट्या उताराची झाली की तार तिच्या तळाला घासते आणि नकळत जवारी लागते. बारीक कानशीचे दोन-तीन हात हेडस्टॉककडे उतार ठेवून मारा, पुढची कड अजिबात कमी होऊ देऊ नका.

खोल गेलेल्या खाचेत हाडाची पूड भरून वर पातळ इन्स्टंट ग्लूचा एक थेंब सोडतात. वाळलं की नवी खाच कापायची. एक-दोन वर्षं चालतं. नवा नट बनवणं उत्तम.

नेकचा जोड

बोल्टने बसवलेला नेक असेल तर चार स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने आवळून बघा. वाळलेल्या लाकडात ते ढिले पडतात. तरीही बाराव्याच्या पुढची खडखड गेली नाही तर तारा सोडून नेक काढा आणि बॉडीतली खोबणी बघा. पॉलिशचा पापुद्रा किंवा भुशाची गुठळी नेकच्या टाचेखाली (खोबणीत बसणाऱ्या टोकाखाली) अडकलेली असते आणि तेवढ्याने नेकचा कोन बदलतो. ब्रश मारा, परत बसवा.

एखादा फ्रेट

स्टीलच्या पट्टीचा एक सरळ तुकडा घ्या, एकदम तीन फ्रेटवर टेकेल एवढाच. मधल्या फ्रेटवर तो डुलला तर मधला उंच. आता त्या फ्रेटवर बाजूने लाकडी ठोकळा दाबा. फ्रेट खाली जाऊन पुन्हा वर येत असेल तर तो सुटलाय. याला घासायचं नसतं, बसवायचं असतं. दोन्ही बाजूंच्या लाकडावर मेण चोळा, पातळ इन्स्टंट ग्लू फाकेत झिरपू द्या, ठोकळ्याने क्लॅम्प करा, तासभर सोडा. खिडकी उघडी ठेवा, चष्मा घाला.

न हलता उंच असणारा फ्रेट मेमध्ये सापडला तर त्यावर मार्करने खूण करा आणि थांबा. नोव्हेंबरात परत बघा.

फ्रेट समतल करणं

आता कानशीवर येतो. माझ्या तिसऱ्या गिटारीचा नेक सागवानी होता. लकडगंजातून फळी आणली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारलं होतं, "काहून घाई करून राहिले भाऊ? हे लाकूड अजून आलापल्लीच्या जंगलातलंच आहे, तुमच्या घरचं झालं नाही." मी ऐकलं नाही. तीन आठवड्यांत नेक बनवला, मेमध्ये खडखडला, मी लांब बीमवर पॉलिश पेपर लावून फ्रेट सपाट केले. सुंदर वाजली. ऑगस्टमध्ये नेक पुढे आला, मी घासलेला मधला भाग आता खड्डा झाला होता आणि बाराव्याच्या पुढचे फ्रेट टेकडीसारखे उभे होते. पुन्हा घासले. नवा फ्रेट लाकडाच्या वर साधारण एक-सव्वा मिमी असतो, दोनदा घासल्यावर काय उरणार? दिवाळीनंतर सगळे बावीस फ्रेट उपटून नवे बसवावे लागले, आणि उपटताना शिसवीच्या फ्रेटबोर्डचे टवके निघाले ते अजून दिसतात.

म्हणून : नोव्हेंबर-डिसेंबर. हवा ४५-५५ टक्क्यांत असताना, नेक आठवडाभर त्याच खोलीत राहिल्यावर, रॉडने तो शक्य तितका सरळ करून. फ्रेटच्या डोक्यांवर मार्कर फिरवा, सपाट ॲल्युमिनियमच्या बीमवर ४०० नंबरचा पेपर लावून हलक्या हाताने, बीमच्या वजनानेच चालवा. सगळ्या डोक्यांवरची शाई जेमतेम उडाली की थांबा. मग क्राउन कानशीने डोक्यांना पुन्हा गोलाई, मग पॉलिश. मास्क घाला, शिसवीची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते. पहिल्यांदा करत असाल तर भंगारातल्या नेकवर करून बघा, मालकाच्या गिटारीवर नाही.

इथे थांबा, जाणकाराकडे न्या

ट्रस रॉडची चावी नेहमीच्या जोराने फिरत नाही, किंवा फिरते पण काहीच होत नाही. पाईप लावून जोर वाढवू नका, रॉड आत तुटला तर फ्रेटबोर्ड काढावा लागतो.

नटाकडून ब्रिजकडे नेकच्या दोन्ही कडा बघितल्या आणि एक कड सरळ, दुसरी वाकडी दिसली : नेकला पीळ पडलाय. रॉड बाक काढतो, पीळ काढत नाही.

हेडस्टॉकच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसली, किंवा फ्रेटबोर्ड आणि नेकच्या मध्ये नख शिरतंय. तारा त्याच क्षणी ढिल्या करा आणि वाजवणं बंद. स्वतः गोंद भरू नका, चुकीचा गोंद आत गेला की पुढे नीट जोडणाऱ्याचं काम दुप्पट होतं.

गाडीत तापून पुढे झुकलेला नेक, रॉड पूर्ण आवळूनही जो सरळ येत नाही. तो गरम करून क्लॅम्पमध्ये सरळ करतात. ते तापमान आणि वेळ हाताला ठाऊक असलेल्या माणसाचंच काम.

आणि गिटार जुनी, किमती किंवा कुणाची आठवण असलेली असेल तर नट आणि फ्रेटच्या कामाला अजिबात हात लावू नका. मोजमापं मात्र लिहून घेऊन जा, कारागिराचा अर्धा दिवस वाचतो. मुंबई-पुण्याला कुरियरने पाठवत असाल तर तारा दोन-तीन सूर उतरवून, हेडस्टॉकखाली कापड भरून पाठवा. उन्हाळ्यात शक्यतो पाठवूच नका.

स्वतः बनवत असाल तर

फळी घरात आणल्यावर दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून, हवा खेळेल अशी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा ठेवा. नेकचा ढोबळ आकार कापून पुन्हा दोन-तीन आठवडे सोडा, ज्याला वळायचंय तो तेव्हाच वळतो आणि रंध्याने काढता येतो. नेकसाठी रेषा उभ्या असलेला तुकडा निवडा. फ्रेटबोर्ड चिकटवायला फर्निचरचा पांढरा गोंद नको, तो सततच्या ओढीखाली, विशेषतः उष्णतेत, हळूहळू सरकतो. लाकूडकामाचा पिवळा गोंद किंवा मंद वाळणारं इपॉक्सी वापरा. हे काम आर्द्रता मधली असताना करा, म्हणजे नेक उन्हाळा-पावसाळ्यात दोन्हीकडे थोडाथोडा जाईल, एकाच बाजूला सगळा नाही.

प्रत्येक नेकच्या टाचेवर, खोबणीत लपेल अशा जागी, मी पेन्सिलने ओळी लिहितो. एका नेकवर आहे : "१४ मे, २१ टक्के, ०.०५. २० जुलै, ७९ टक्के, ०.४०. ५ डिसेंबर, ४८ टक्के, ०.२०." त्या गिटारीला मेमध्ये पाव आटा सैल आणि जुलैत पाव आटा आवळ लागतो. फ्रेटला अजून एकदाही कानस लागलेली नाही.